पाप, गुन्हा आणि दंडसंहितेची हद्द

खोटे बोलणे वाईट, हे कळायला धर्मग्रंथ उघडावा लागत नाही. तरीही भारतात नुसते खोटे बोलणे हा गुन्हा नाही. तेच खोटे न्यायालयात शपथेवर सांगितले, त्याच्या जोरावर कुणाकडून पैसे उकळले किंवा कुणाची बदनामी केली, की ते दंडसंहितेच्या कक्षेत येते. कृतघ्नपणा, कंजूषपणा, सख्ख्या भावाशी धरलेला अबोला, शेजाऱ्याची भरभराट पाहून जळणे, या सगळ्याला लोक नावे ठेवतात. पण त्यासाठी कुणाला बेड्या पडत नाहीत. उलट लायसन्स घरी विसरून गाडी चालवण्यात पाप असे काही नाही, तरी दंड होऊ शकतो. म्हणजे प्रत्येक पाप गुन्हा नसते आणि प्रत्येक गुन्हा पाप नसतो. मग कोणत्या वाईट कृत्याला राज्याने शिक्षा द्यावी आणि कोणते माणसाच्या विवेकावर, लोकलाजेवर किंवा देवाच्या दरबारावर सोडावे? कायद्याचे तत्त्वज्ञान या प्रश्नाभोवती फिरत आले आहे, आणि धर्माचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

धर्मशास्त्रकारांनी त्याला फार पूर्वीच हात घातला होता. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. रोजच्या जगण्याचे नियम पहिल्यात, राजापुढे येणारे तंटे आणि अपराध दुसऱ्यात, पापाचे क्षालन तिसऱ्यात. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दावा निघाला की तिचे नाव अजूनही वकिलांच्या तोंडी येते. व्यवहारात फिर्यादी लागतो, साक्षीपुरावा लागतो आणि शिक्षा राजा देतो. प्रायश्चित्ताला फिर्यादी लागत नाही. पाप करणारा स्वतःच जाणत्यांच्या परिषदेपुढे उभा राहतो, केलेले सांगतो आणि उपास, दान, तीर्थयात्रा किंवा चांद्रायणासारखे व्रत पत्करतो. दंडाचे लक्ष समाजाच्या सुरक्षिततेवर, तर प्रायश्चित्ताचे करणाऱ्याच्या मनावर.

अध्यायांच्या मांडणीत हा फरक स्वच्छ दिसतो. स्मृतींनी मात्र तो सर्वत्र पाळलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातले चोराचे चित्र पाहावे. केस मोकळे सोडलेला, खांद्यावर मुसळ किंवा खैराचा सोटा घेतलेला चोर धावत राजाकडे येतो, चोरीची कबुली देतो आणि त्याच सोट्याने मला शासन कर, असे राजाला विनवतो. राजाने त्याला मारले काय किंवा सोडले काय, तो चोरीच्या दोषातून सुटतो. पण राजाने शासनच केले नाही, तर चोराचे पाप राजाच्या माथी बसते. इथे दंड आणि प्रायश्चित्त एकजीव झाले आहेत. राजाने ज्यांना शिक्षा केली ते शुद्ध होऊन पुण्यवंतांसारखे स्वर्गाला जातात, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. आजच्या कुठल्याही दंडसंहितेत असे आश्वासन सापडणार नाही. सात वर्षांची सक्तमजुरी भोगून बाहेर पडलेल्याचा राज्याशी असलेला हिशेब मिटतो. त्याचे मन शुद्ध झाले की नाही, याची विचारपूस कायदा करीत नाही.

स्मृतींच्या दंडव्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष मात्र वेगळा आहे. ब्राह्मणाला शिवीगाळ केली तर क्षत्रियाला शंभर पण दंड, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला थेट शरीरदंड, असा मनूचा हिशेब आहे. तोच अपराध ब्राह्मणाकडून घडला तर क्षत्रियासाठी पन्नास, वैश्यासाठी पंचवीस आणि शूद्रासाठी अवघे बारा पण. चोरीच्या बाबतीत गणित उलटते. शूद्राला आठपट दंड असेल तर ब्राह्मणाला चौसष्ट, शंभर किंवा एकशे अठ्ठावीस पट, कारण बरेवाईट जाणूनही त्याने चोरी केलेली असते. सामान्य माणसाला एक कार्षापण दंड होतो तिथे राजाला हजार व्हावा, असाही श्लोक आहे. अधिकार मोठा तशी जबाबदारीही मोठी, हे तत्त्व उत्तमच. पण ते सांगणाऱ्या ग्रंथाने माणसाच्या देहाची आणि अब्रूची किंमत जन्मावरून ठरवली, आणि व्यवहारात प्रभाव त्याचाच पडला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागे हीच विषमता होती. दंडाच्या तराजूत जात घातली की तो न्याय उरत नाही, यावर आता वाद घालण्याचे कारण नाही.

कौटिल्याची दृष्टी अधिक व्यवहारी आहे. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, या मात्स्यन्यायाच्या भीतीतून त्याचा विचार सुरू होतो. पण शिक्षा जितकी कडक तितकी चांगली, असे तो मानत नाही. कठोर शिक्षेने प्रजा त्रासते, सौम्य शिक्षेने राजाला कुणी जुमानत नाही, आणि अपराधाला शोभेल अशी शिक्षा देणाऱ्याचाच मान राहतो, असे त्याचे प्रतिपादन. काम, क्रोध किंवा अज्ञान यांच्या आहारी जाऊन दिलेली चुकीची शिक्षा संन्याशांनासुद्धा चिडवते, अशी पुस्ती तो जोडतो. दोन हजार वर्षांनी, १७६४ मध्ये, इटलीतल्या बेकारियाने अपराध आणि शिक्षांवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात याच्या जवळपास जाणारे म्हणणे मांडले आणि युरोपातल्या छळाच्या शिक्षांविरुद्ध मत तयार केले. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती नक्की होणार, ही खात्री गुन्ह्याला जास्त आळा घालते, हा त्याचा मुद्दा दंडशास्त्रातला सर्वांत टिकाऊ मुद्दा ठरला आहे. एखादा भयंकर गुन्हा घडला की फाशीची मागणी होते, पण तपास अधिकाऱ्यांची रिकामी पदे भरा, अशी मागणी करीत मोर्चा निघत नाही.

मराठी मुलखात इंग्रजी अंमलापूर्वी दंड आणि प्रायश्चित्त ही दोन्ही चाके एकत्र चालत. गावचे तंटे गोतसभेपुढे किंवा मजलशीत येत, निवाड्याचा महजर लिहिला जाई, आणि पुरावा अपुरा पडला तर दिव्याची पाळी येई. रव्याच्या दिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करीत. काही दिवसांनी पिशवी उघडली आणि हात पोळलेला नसला की दिव्य करणारा खरा ठरे. खटला जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे निकाल कोणाच्याही बाजूने लागो, खजिन्यात भर पडायचीच. खून, गोहत्या, व्यभिचार अशा बाबतींत सरकारी दंड भरून प्रकरण संपत नसे. ब्रह्मसभेने सांगितलेले प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि त्यानंतर जातभाई अपराध्याला जेवायला बसवून पुन्हा गोतात घेत. राज्य, धर्म आणि जात यांच्या तिन्ही दरबारांत एकाच कृत्याचा झाडा द्यावा लागे. बायकांच्या वाट्याला यातले सर्वांत कठोर माप आले. व्यभिचाराचा ठपका बसलेल्या कितीतरी स्त्रिया सरकारच्या कुणबिणी झाल्या.

याच व्यवस्थेतून रामशास्त्री प्रभुण्यांची कथा येते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या कृत्याला प्रायश्चित्त काय, असे नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांनी विचारले तेव्हा न्यायाधीश असलेल्या शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, असे परंपरा सांगते. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे. गोष्ट सांगताना भर दिला जातो तो शास्त्रीबुवांच्या निर्भयतेवर, आणि ते योग्यच. पण तिच्यातला कायद्याचा पेचही ध्यानात घ्यायला हवा. राज्यकर्ताच आरोपी झाला, तेव्हा त्याला दंड करणारी सत्ता राज्यात उरली नव्हती. न्यायाधीशाच्या हाती राहिले ते धर्माचे साधन. दंडाचा मार्ग बंद झाल्यावर प्रायश्चित्ताच्या भाषेत निकाल दिला गेला, पण त्याची अंमलबजावणी कुणीही करू शकले नाही. पुढच्या राज्यव्यवहारात रघुनाथरावांना मागे सारले ते बारभाईंच्या राजकारणाने.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२७ मध्ये, नियमांची एक संहिता तयार झाली आणि तिच्यातल्या चौदाव्या रेग्युलेशनने गुन्हे व शिक्षा ठरवून दिल्या. पुढे १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने संपूर्ण हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला. तो जवळजवळ पाव शतक पडून राहिला. १८५७ चा उठाव होऊन गेल्यावर ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. मेकॉले त्याआधीच, १८५९ च्या अखेरीस वारला होता. या ५११ कलमांनी एक मूलभूत बदल घडवला : निदान कागदावर तरी, खुनी ब्राह्मण असो की महार, कलम तेच आणि शिक्षा तीच. निदान कागदावर, असे म्हणण्याचे कारण म्हणजे मुफसलातल्या गोऱ्या आरोपीला हिंदी न्यायाधीशापुढे उभे करण्याचा प्रस्ताव १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाने आणला, तेव्हा गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केले. मात्र संहितेची भाषा लोकांच्या अंगवळणी पडली. फसवणाऱ्याला चारशेवीस म्हणणे आणि खुनाला तीनशे दोन म्हणणे, हे न्यायालयाची पायरी न चढलेल्या माणसाच्याही बोलण्यात रुळले.

पाप आणि गुन्हा यांच्यातली रेघ कुठे ओढायची, याचा सर्वांत प्रामाणिक ऊहापोह मेकॉलेच्या मसुद्याला जोडलेल्या टिपणांत आहे. त्यात विचार केला आहे तो न केलेल्या कृत्यांचा. भुकेने मरणाऱ्याला घासभर भात नाकारणारा श्रीमंत माणूस, तो भात हिसकावून खाणाऱ्या भुकेल्यापेक्षा कितीतरी नीच असू शकतो. तरीही शिक्षा होते ती हिसकावणाऱ्याला, चोरीबद्दल. श्रीमंताला निष्ठुरपणाबद्दल शिक्षा होत नाही. दुसरे उदाहरण शल्यचिकित्सकाचे. अमुक एक शस्त्रक्रिया करू शकणारा तो देशातला एकटाच, रोगी मीरतेत, आणि हा कलकत्त्याहून जायला नकार देतो. तोही खुनी ठरत नाही. पण पूर आलेल्या नदीच्या उतारावर वाटसरूंना सावध करण्यासाठीच नेमलेला माणूस जाणूनबुजून गप्प राहिला आणि कुणी बुडाले, तर मात्र तो खून. तिघांचेही मौन किंवा नकार मरणाला कारण झाले. वेगळे होते ते कायद्याने अंगावर टाकलेले कर्तव्य. मसुदा लिहिणाऱ्यांना कारुण्याचे मोल कळत नव्हते, असा याचा अर्थ नाही. कुणी किती दान द्यावे, किती कोस जावे, याची रेघ कोणत्याही न्यायाधीशाला नेमकी ओढता येणार नाही. आणि जी रेघ नेमकी नाही ती ओलांडल्याबद्दल तुरुंगात टाकणे अन्यायाचे होईल, हे त्यांचे कारण.

भारतीय कायदा आजही साधारण याच जागी उभा आहे. रस्त्यात अपघात पाहून पुढे निघून जाणारा तिऱ्हाईत गुन्हेगार ठरत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तीही निघून जाणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी झाली नाही. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसी ससेमिरा आणि खटल्याची भीती राहू नये, म्हणून त्याला संरक्षण मिळाले. दयाळूपणाची सक्ती करता येत नाही. त्याच्या वाटेतले काटे मात्र कायदा काढू शकतो.

संहिता मनाचाही विचार करते, पण धर्म करतो त्या रीतीने नाही. नुसता दुष्ट विचार गुन्हा होत नाही आणि नुसते नुकसानही सहसा होत नाही. कृत्य आणि त्यामागचा हेतू किंवा जाणीव एकत्र यावी लागते. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा नाही, वेडाच्या भरात कृत्याचे स्वरूपच न कळणाऱ्याचे नाही, स्वतःचा जीव वाचवताना मर्यादेत राहून केलेला प्रतिकारही नाही. साधारण समजूतदार माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजादेखील संहितेने वगळली आहे. गर्दीच्या लोकलमध्ये बसलेला कोपर त्यामुळेच पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही.

वाल्या कोळ्याच्या कथेत या फरकाची दुसरी बाजू दिसते. लुटीवर पोसलेली बायकामुले, पापात वाटेकरी व्हाल का, या प्रश्नाला नकार देतात, आणि कथेच्या नीतीत तो नकार बरोबरच ठरतो. पाप ज्याचे त्याला. दंडसंहिता मात्र वाटणी करते. समान उद्देशाने एकत्र आलेल्यांपैकी एकाने केलेले कृत्य सगळ्यांचे मानले जाते आणि चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणाराही गुन्हेगार ठरतो. धर्म करणाऱ्याच्या आत्म्याकडे पाहतो, तर कायदा धोका कुठून कुठपर्यंत पसरला, ते शोधतो.

दंडाची ताकद शेवटी समाजाच्या संमतीवर उभी असते. शिक्षा होते त्याबरोबर बट्टा लागतो, आणि तुरुंगाच्या भिंतींपेक्षा माणूस या बट्ट्याला जास्त भितो. हे दोन्ही सुटे झाले की कायदा लुळा पडतो. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या कलम १२४अ खाली १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या खटल्यात त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीचा निर्णय ऐकल्यावर मानवी न्यायालयाहून वरच्या सत्तेचा हवाला दिला. सरकारने मंडालेला धाडलेला कैदी लोकांच्या लेखी अधिकच पूज्य झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी सहा दिवस संप केला. शिक्षेची सगळी यंत्रणा बिनचूक चालली होती, पण बट्टा लावण्याचे सामर्थ्य तिच्यात उरले नव्हते.

समाजाची संमती नसताना कायद्याने पुढे जावेच का, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत कडाक्याने लढवला गेला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून. दंडसंहितेने पत्नीशी शरीरसंबंधासाठी दहा वर्षांची किमान मर्यादा घातली होती. ती बारा करण्याचे विधेयक आले. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, असे टिळकांनी केसरीतून मांडले. आगरकरांनी सुधारकातून विधेयकाची बाजू घेतली आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने ते शास्त्रविरोधी नाही, असे दाखवले. कायदा झाला, त्याखाली खटले मात्र फारच थोडे उभे राहिले, कारण घराच्या भिंतीआड फिर्याद करणार कोण? म्हणून तो फुकट गेला असे म्हणता येत नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे ठरवले. लोकमत तयार होण्याची वाट पाहायची म्हटली असती, तर किती पोरी त्या वाटेवर मेल्या असत्या, हा आगरकरांच्या बाजूचा प्रश्न अनुत्तरित राहतो. जिथे दुबळ्याच्या देहाला इजा होते तिथे कायद्याने लोकमताच्या पुढे चालणे समर्थनीय आहे.

पण इजा स्वतःलाच होत असेल तर? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात सांगितले की, दुसऱ्याची हानी टाळण्यापुरतीच समाजाने व्यक्तीवर सक्ती करावी. स्वतःच्या भल्यासाठी तिच्यावर सक्ती करण्याचा अधिकार समाजाला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या हिंदुस्थानच्या दंडसंहितेत मात्र आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला कलम ३०९ खाली एक वर्षापर्यंत कैद ठेवली होती. मरता मरता वाचलेल्याला, तो वाचला म्हणून शिक्षा! ख्रिस्ती धर्मविचारात आत्महत्या हे मोठे पाप, त्याची सावली या कलमावर होती. भारतीय परंपरेचा निवाडा असा एकेरी नाही. आत्मघात निंद्य मानणारी वचने आहेत, आणि प्रायोपवेशन, समाधी, जैनांची सल्लेखना यांना मान देणारी परंपराही आहे. १९६६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक करणारा लेख त्यांनी आधीच लिहिलेला होता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबा भावे गेले, तेही अन्न, पाणी आणि औषध नाकारून. दोन्ही वेळी कलम ३०९ पुस्तकात होते. त्याचा वापर करावा असे कुणाच्या मनातही आले नाही.

न्यायालयांची मात्र चांगलीच ओढाताण झाली. मुंबई पोलिसांतल्या मानसिक आजाराने त्रस्त असलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निर्णय दिला, तेव्हा जैन समाज रस्त्यावर उतरला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरलेले नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा कलम २२६ खाली गुन्हा आहे. आमरण उपोषणाची परंपरा असलेल्या देशात हे कलम कुणावर आणि कसे लावले जाईल, याकडे लक्ष ठेवायला हवे.

खाजगी नीतीच्या क्षेत्रातून संहितेने अलीकडे आणखी दोन पावले मागे घेतली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले आणि व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले. दुसऱ्या कलमाची मूळ रचनाच विचित्र होती. नवऱ्याच्या संमतीने घडले तर तो गुन्हा नव्हे, अशी तरतूद त्यात होती, म्हणजे पत्नी ही नवऱ्याची मत्ता असे गृहीत धरलेले. व्यभिचार चांगला, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. तो घटस्फोटाचे कारण राहतोच. इंग्लंडमध्ये १९५७ च्या वुल्फेन्डन अहवालानंतर हार्ट आणि डेव्हलिन यांच्यात हाच वाद झडला होता. समान नीती हा समाजाचा कणा, तो मोडू दिला तर समाज ढासळेल, असे डेव्हलिन म्हणत. बहुसंख्यांना किळस येते, एवढे कारण शिक्षेला पुरेसे नाही, असे हार्ट म्हणत. भारतीय न्यायालयांनी हार्टची बाजू घेतली, आणि ती घेताना आधार दिला राज्यघटनेच्या नीतीचा. नव्या संहितेने ३७७ सरसकटच गाळले. परिणामी सज्ञान पुरुषावरच्या लैंगिक बळजबरीसाठी वेगळे कलम उरले नाही. घाईत पुसलेल्या रेघेचे हे उदाहरण.

इथवर विचार झाला तो राज्य आणि व्यक्ती यांचा. त्यांच्यामध्ये तिसरी दंडसत्ता उभी असते, ती म्हणजे जात किंवा पंथ. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्या माणसांनाही लागली. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य गावाने काढून घेतले, तेही एकही कलम न मोडता. पाणवठा, पंगत, सोयरीक, अंत्ययात्रा, एवढ्या चार गोष्टी बंद केल्या की माणूस आपल्याच गावात कैदी होतो. जातपंचायतीचा दंड अनेकदा राजाच्या दंडाहून जाचक असतो, कारण त्याला अपील नसते.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धर्माच्या कारणाने सभासदाला बाहेर काढणे हा पंथाच्या अंतर्गत व्यवहाराचा भाग, असे कारण दिले गेले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांना पंथाच्या शिस्तीहून मोठा वाटला. आज वाचताना तेच मत अधिक पटते. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे फेरविचारासाठी सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा २०१६ मध्ये संमत करून २०१७ मध्ये लागू केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. श्रद्धेच्या नावाखाली कुणाचे माणूसपण नाकारले जाते, तिथे राज्याने आत शिरायचे, हे धोरण त्यामागे आहे.

श्रद्धा आणि गुन्हा यांची सीमा किती बारीक आखावी लागते, ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दिसते. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपता संपता कायदा झाला. हा कायदा देव मानू नका, असे सांगत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे, अशी कृत्ये अनुसूचीत नेमकी लिहिली आहेत. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. सर्पदंशावर मंत्र आहे असे मानण्याला मोकळीक आहे. त्या समजुतीपायी दुसऱ्याचा उपचार अडवण्याला नाही.

शिक्षेचा हेतू काय, या प्रश्नाची उत्तरे जुनीच आहेत : सूड, धाक, बंदोबस्त आणि सुधारणा. पहिल्या तिन्हींवर आधीच भरपूर लिहिले गेले आहे. सुधारणेवर विश्वास टाकण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहत आणि शेती करीत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला, कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे त्याच माणदेशातल्या माणसाची. ही वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे. तिच्या नियमांत प्रायश्चित्ताचा शब्दही नाही, पण अपराध्याने स्वतः राबून पुन्हा माणसांत यावे, हा प्रायश्चित्ताचा गाभा तिच्यात उतरला आहे. दंड आणि प्रायश्चित्त यांची वाट निराळी झाल्यावर दंडाला सर्वांत जास्त उणीव भासली ती याच गाभ्याची.

भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमाने शिक्षेच्या प्रकारांत सामुदायिक सेवेची भर घातली आहे. सहा किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. त्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिली चोरी आहे, माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन आणि बदनामी यांचाही त्यात समावेश आहे. समाजाच्या उपयोगी पडणारे, बिनमोबदल्याचे काम, अशी तिची व्याख्या प्रक्रियेच्या संहितेत दिली आहे. काम कोणते, किती तासांचे आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे मात्र दोन्ही संहितांनी सांगितलेले नाही.